येरवड्याला जायचंय? : डेक्कन कॉलेजमधल्या संशोधनाविषयी थोडंसं

येरवडा म्हटलं की पुण्यातल्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक जेल आणि दुसरं मेंटल हॉस्पिटल. सबमिशनच्या आठवड्यात आपल्या हॉस्टेलमधले निम्मे जण दुसऱ्या ठिकाणी सहज दाखल होतील, ते सोडा. पण त्याच परिसरात तिसरी एक जागा आहे, तिचं नाव डेक्कन कॉलेज. नावावरून फसू नका, ते डेक्कनवर नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'डेक्कन' म्हणालात तर तो तुम्हाला गुडलक चौकात उतरवेल आणि वर हसेल.

आपल्याकडे माणसाची ओळख ब्रांचवरून होते. मेकॅनिकल, सिव्हिल, ई अँड टीसी. बारावीला मार्क चांगले पडले की सायन्स, बेताचे पडले की कॉमर्स आणि 'याचं आता काय करायचं' असं घरच्यांना वाटलं की आर्ट्स. ही उतरंड आपण इतकी मनापासून मानतो की इतिहास किंवा भाषा शिकणारी मुलं संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात, असं आपल्याला विचारावंसंही वाटत नाही. हा लेख त्यासाठीच. येरवड्याच्या या संस्थेत गेली ऐंशीहून जास्त वर्षं जे प्रश्न सोडवले जातात त्यांना ब्रांचच नाही. मडकं सापडतं इतिहासवाल्याला, त्याची माती तपासतो केमिस्ट्रीवाला, आतलं धान्य ओळखतो बॉटनीवाला, शेजारचं हाड बघतो अ‍ॅनाटॉमीवाला आणि मग सगळे मिळून भांडतात. भांडण हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी थोडक्यात जन्मपत्रिका. पेशवाई गेल्यावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पैसा आला पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून. पुढे त्याचं पूना कॉलेज झालं, १८६० च्या दशकात येरवड्याची दगडी इमारत उभी राहिली आणि नाव झालं डेक्कन कॉलेज. टिळक, आगरकर इथलेच. टिळक राहायचे ती हॉस्टेलची खोली अजून जपून ठेवली आहे. (आपल्या खोल्या जपून ठेवायची वेळ आली तर आधी महापालिकेची परवानगी लागेल.) १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं, माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ साली ते पुन्हा उघडलं, ते मात्र पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. त्याच वर्षी तिथे दोन माणसं रुजू झाली. हसमुख धीरजलाल सांकलिया, पुरातत्त्वाचे. आणि इरावती कर्वे, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या. १९४४ मध्ये ही दोघं मिळून गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन माणूस शोधायला गेली आणि तिथे खरोखर मानवी सांगाडे मिळाले. हाडं मोजायची विद्या बाईंकडे, थर वाचायची विद्या सांकलियांकडे. ब्रांच ओलांडायची सवय संस्थेला तेव्हापासूनची.

थर वाचणे म्हणजे काय, हे समजायला आपलं हॉस्टेलचं कपाट पुरेल. सर्वांत खाली फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सच्या शीट्स, त्यावर सेकंड इयरची जर्नल्स, त्यावर मॅगीची पाकिटं, सर्वांत वर काल धुवायला काढलेले कपडे. खालचं जुनं, वरचं नवं. पण कपाटात उंदीर शिरला आणि त्याने मॅगीचं पाकीट तळाशी ओढून नेलं, तर पुढचा संशोधक म्हणेल की मॅगी फर्स्ट इयरपासून होती. खऱ्या उत्खननात उंदीर, घुशी, झाडांची मुळं आणि नंतरच्या लोकांनी खणलेले खड्डे नेमका हाच उद्योग करतात. म्हणून वस्तूपेक्षा ती कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती हे लिहून ठेवणं जास्त मोलाचं. नुसती सुंदर मूर्ती उचलून आणली तर तिचा अर्धा अर्थ खड्ड्यातच राहिला असं समजायचं.

आता खरी गोष्ट. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून बाराएक हंगाम डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, म्हणजे सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, तिथे खणलं. इसवीसनपूर्व सुमारे १६०० ते ७०० असं जवळजवळ नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव तिथे निघालं. लोखंड नाही, तांबं थोडं, दगडाची पाती भरपूर. शंभराहून जास्त घरं, दोनशेहून जास्त दफनं. त्यांच्याकडे नदीचं पाणी वळवायला कालवा आणि बांधही होता. सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं, महाराष्ट्रातला पाटबंधारे विभाग तीन हजार वर्षांपूर्वीही कामाला होता.

हे 'तीन हजार वर्षं' कसं कळलं? इथे आपली फिजिक्स येते. जिवंत झाड हवेतला कार्बन घेत राहतं, त्यात किंचित कार्बन-१४ असतो. झाड मेलं की आवक बंद, आणि आत असलेला कार्बन-१४ ठरावीक वेगाने कमी होत जातो. निम्मा व्हायला ५७३० वर्षं लागतात. फर्स्ट इयरचंच गणित: ३००० वर्षांनी उरलेला भाग म्हणजे अर्ध्याचा (३०००/५७३०) इतकावा घात, साधारण ०.७०. म्हणजे चुलीतल्या कोळशात मूळच्या ७० टक्के कार्बन-१४ मिळाला की समजायचं, चूल तीन हजार वर्षांपूर्वी पेटली होती. विलर्ड लिबी यांना या पद्धतीसाठी १९६० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि त्याच दशकात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये भारतातली अशी प्रयोगशाळा चालू होती. ती पुढे अहमदाबादच्या पीआरएलमध्ये गेली. अणुशास्त्रासाठी उभारलेल्या संस्थेत खेड्यातल्या चुलीचा कोळसा मोजला जायचा, हे चित्र मला फार आवडतं.

पण हाच आकडा उलट बाजूने बघा. मोजणीत फक्त १ टक्का चूक झाली तर वय सुमारे ८० वर्षांनी बदलतं. ८० वर्षं म्हणजे तीन पिढ्या. शिवाय हवेतला कार्बन-१४ दर शतकात सारखा नव्हता, म्हणून झाडांच्या वर्षवलयांशी ताडून उत्तर दुरुस्त करावं लागतं. आणि कोळसा ज्या खांबाचा, तो खांब घर बांधताना आधीच शंभर वर्षं जुना असेल तर? प्रयोगशाळा झाडाचं वय सांगते, घराचं नाही. ते ठरवायला पुन्हा थर वाचणारा माणूस लागतो.

इनामगावची मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे दफनं. लहान मुलं गेली की त्यांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेल्या मडक्यांत, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांनाही घरात किंवा अंगणात पुरत, पण पावलं घोट्याच्या खाली तोडून. का? मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये, आपल्यातच राहावा म्हणून, असा ढवळीकरांचा अंदाज. अंदाजच. मेलेल्याचं मन मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. गावात एक पाच खोल्यांचं मोठं घर होतं, शेजारी धान्यकोठार. तिथल्या अंगणात चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला सापडला. त्याची पावलं मात्र शाबूत! तो गावचा मुखिया असावा आणि मुखियाला वेगळा नियम असावा, असा तर्क निघाला. रांजणाचे चार पाय आणि माणसाचे दोन पाय यांवरून समाजात उच्चनीच होतं हे सांगणं, याला डोकं लागतं की नाही ते तुम्हीच बघा.

मग साधारण इसवीसनपूर्व १००० नंतर गावाचं रूप पालटतं. मोठी चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. गव्हाची जागा मुख्यतः काटक सातू घेतो. शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. उत्खनन करणाऱ्यांनी याचा अर्थ लावला की पाऊस कमी झाला, दुष्काळाने शेतकरी गरीब झाला. शिरूरच्या माणसाला हे लगेच पटतं! परंतु मुलांची हाडं पुन्हा तपासून ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने २०११ च्या पुस्तकात या सरळ उत्तरावरच प्रश्न उभे केले. हवा बिघडली, की माणसांनी जमीन जास्त ओरबाडली? बाळाच्या हाडाची लांबी आणि जाडी यांवरून ते किती उपाशी होतं याचा हिशोब लागतो आणि त्यावरून हवामानाचा वाद पुढे सरकतो. हे हिस्टरी झालं, मेडिकल झालं की क्लायमेट सायन्स? ज्याला फॉर्ममध्ये 'ब्रांच' हा कॉलम भरायचा असेल त्याने भरावा.

याआधीची नेवाशाची गोष्ट लहानशीच आहे. प्रवरेकाठी नेवाशाला १९५० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी गंजले होते, आणि गंजामुळेच आतला दोरा टिकला होता. तो दोरा मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत ए. एन. गुलाटींकडे गेला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं की कापूस आहे आणि सोबत रेशीमही. १९६१ साली डेक्कन कॉलेजने अशा तांत्रिक अहवालांचं वेगळं पुस्तकच काढलं. त्यात दोऱ्यावर गुलाटी, जनावरांच्या हाडांवर ज्युलियट क्लटन-ब्रॉक आणि धान्यावर विष्णू मित्रे. मेटलर्जीत आपण 'गंज कसा टाळावा' यावर दहा मार्कांचं उत्तर लिहितो. पुरातत्त्ववाल्याला कधी कधी गंज हवा असतो.

आता भांडण. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी गाव आहे. (याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या अँटेना आहेत. ट्रिपला गेलात तर दोन्ही करून या.) १९८० च्या दशकात तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला, आणि त्याच्याशी संबंधित खडीत अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारं, म्हणजे हातकुऱ्हाडी वगैरे. राख मिळाली की संशोधक नाचायला लागतात, कारण राखेचं वय काढता येतं. कार्बन-१४ इथे चालत नाही, तो सुमारे ५० हजार वर्षांत संपून जातो. इथे पोटॅशियम-आर्गॉन. पोटॅशियम-४० पासून आर्गॉन वायू तयार होतो, अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. वितळलेल्या खडकातून जुना आर्गॉन निघून जातो, थिजल्यावर नवा साठायला लागतो. जणू स्टॉपवॉच शून्यावर आणल्यासारखं.

१९८९ मध्ये डेक्कन कॉलेज आणि पीआरएलच्या मंडळींनी वय जाहीर केलं: सुमारे १४ लाख वर्षं. खळबळ! महाराष्ट्रातला माणूस एकदम आफ्रिकेतल्या जुन्या हत्यारवाल्यांच्या पंगतीला जाऊन बसला. १९९५ मध्ये सुधारित आकडा आला, सुमारे ६ लाख ७० हजार. आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने भारतातल्या निरनिराळ्या नद्यांच्या राखेच्या काचकणांची रासायनिक घडण तपासून म्हटलं की ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची आहे, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षांची. गंमत म्हणजे रवी कोरीसेट्टर हे १९८९ च्या निबंधाच्या लेखकांत आहेत आणि १९९५ च्या या निबंधातही आहेत. पुराव्याबरोबर माणूस बाजू बदलतो, याला आपल्याकडे पलटी मारणं म्हणतात. तिथे ते कामच आहे.

एकाच राखेची १४ लाख आणि ७५ हजार अशी दोन वयं कशी येतात? मी वहीच्या मागच्या पानावर एक हिशोब केला. समजा राख खरोखर ७५ हजार वर्षांचीच आहे, पण नदीने तिच्यात आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टचा चुरा मिसळला, ज्याचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख. दोन्हींत पोटॅशियम सारखं धरलं आणि चुरा फक्त २ टक्के, तर ७५ हजारच्या ९८ टक्के म्हणजे ७३,५००, आणि ६ कोटी ६० लाखाच्या २ टक्के म्हणजे १३,२०,०००. बेरीज १३,९३,५००. जवळजवळ १४ लाख! चुरा जेमतेम १ टक्का असेल तर सात लाखांच्या आसपास. लगेच निकाल लावू नका, कारण बसाल्टमध्ये पोटॅशियम टोबाच्या राखेपेक्षा बरंच कमी असतं, म्हणून भेसळ याच्या कितीतरी पट लागेल आणि तेवढी भेसळ तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटायला नको. हिशोब इतकंच दाखवतो की जुन्याची चिमूटभर भेसळ नव्याचं वय किती फुगवते.

दुसऱ्या बाजूचंही तेच. टोबा एकदाच फुटला नाही. त्याचा सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचाही एक मोठा उद्रेक आहे आणि एकाच ज्वालामुखीच्या राखा एकमेकींसारख्या दिसतात. शिवाय राख पडली कधी आणि नदीने ती उचलून हत्यारांजवळ आणून टाकली कधी, हे दोन निराळे प्रश्न. पहिला केमिस्ट सोडवेल. दुसऱ्यासाठी नदीच्या पात्रात उतरून गाळ वाचणारा भूरूपशास्त्रज्ञ हवा, शरद राजगुरूंसारखा, ज्यांनी आयुष्यभर दख्खनच्या नद्यांचे काठ तुडवले. बोरीचा वाद पूर्ण मिटला असं अजूनही म्हणता येत नाही. दरम्यान तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत वापरून तिथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांच्या असल्याचं २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलं. त्या डेक्कन कॉलेजच्याच विद्यार्थिनी. म्हणजे 'भारतात इतका जुना हत्यारवाला माणूस होता का' याचं उत्तर हो असं मिळालं, पण दुसऱ्याच नदीकाठी.

आता इरावतीबाई. त्यांची 'युगान्त' बऱ्याच जणांनी वाचली असेल. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनीसुद्धा, फक्त 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' आलं की आम्ही मनात इंग्रजीत मोजतो.) पण १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएच.डी. करत होत्या, हे कमी जणांना ठाऊक असतं. त्यांचे गाईड ऑयगेन फिशर. युरोपियन माणसाची कवटी एका बाजूला विशिष्ट तऱ्हेने झुकलेली असते आणि त्याची बुद्धी श्रेष्ठ असण्याशी याचा संबंध आहे, असा त्यांचा कयास होता. बाईंनी कवट्या मोजल्या. डावी-उजवी बाजू सारखी नसते हे खरं निघालं, पण त्याचा वंशाशी काही संबंध निघाला नाही. तसं त्यांनी लिहून दिलं. याच फिशरची संस्था पुढे नाझींच्या वंशवादी धोरणाला शास्त्राचा मुलामा देत होती. परक्या देशातली, विशीतली विद्यार्थिनी, समोर व्हायवा घेणारा हाच माणूस, आणि आकडे त्याच्या विरुद्ध. आपल्या लॅबमध्ये ग्राफ एक्स्पेक्टेड व्हॅल्यूला चिकटावा म्हणून रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करतात, ते प्रकरण या शेजारी ठेवून बघा.

पुण्यात आल्यावर बाईंनी माणसं मोजायचं सोडलं नाही, पण जोडीला शब्द गोळा केले. नात्यांचे शब्द. १९५३ चं त्यांचं नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक अशाच शब्दांवर उभं आहे. आपल्या आज्या सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' का म्हणायच्या? मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत बऱ्याच मराठी घरांत होती. म्हणजे नवऱ्या मुलीची सासू ही खरोखरच तिची आत्या. दक्षिणेत अशी लग्नं चालतात, उत्तरेत निषिद्ध, आणि महाराष्ट्र मध्ये बसलेला. रक्ताच्या बाटल्या न तपासता, नुसत्या हाका मारायच्या शब्दांवरून हे वाचता येतं.

शब्दांचाच विषय निघाला तर तिथला संस्कृत कोश. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या काळातले सुमारे पंधराशे ग्रंथ घेतले, त्यांत गणित, आयुर्वेद, वास्तुशास्त्र सगळं आलं. प्रत्येक शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला याच्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठ्या किती? सुमारे एक कोटी! पंचवीस वर्षं नुसत्या चिठ्ठ्यांत गेली, मग १९७० च्या दशकात अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली छपाई सुरू झाली. तीसहून अधिक भाग निघाले तरी 'अ' अक्षराचे शब्द संपले नव्हते. हसू नका. कॉम्प्युटरवाल्यांनी ही चिठ्ठ्यांची कपाटं जाऊन बघावी. लोखंडी ड्रॉवरमधला, हाताने इंडेक्स केलेला एवढा मोठा डेटाबेस पुन्हा बघायला मिळणार नाही. आणि अर्थ कालक्रमाने लावलेले असल्यामुळे एखादा शब्द मंत्रात एक, वैद्यकात दुसरं आणि गणितात तिसरं सांगतो, हे थरांसारखंच वाचता येतं.

शेवटी राखीगढी. हरियाणातलं हे सिंधू संस्कृतीचं मोठं शहर, तिथे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने २०१० च्या दशकात दफनभूमी खणली. उष्ण हवेत हाडांतला डीएनए टिकत नाही, साठच्या वर नमुन्यांतून एकाच बाईचा उपयोगी डीएनए मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल'मध्ये निबंध आला. तिच्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. झालं! टीव्हीवर एका बाजूने 'बाहेरून कोणी आलंच नाही' आणि दुसऱ्या बाजूने 'बघा, तो अंश नंतर आला' असं सुरू झालं. त्याच आठवड्यात 'सायन्स'मध्ये शेकडो प्राचीन जनुकांचा दुसरा निबंध होता, त्याच्याही लेखकांत शिंदे आहेत, आणि त्यात म्हटलं होतं की तो अंश इसवीसनपूर्व २००० नंतर भारतात आला. दोन्ही निबंध नेटवर मिळतात. बातमी वाचण्याऐवजी तेच वाचा, आपण रिसर्च पेपर सेमिनारसाठी वाचतोच.

त्या बाईचा वंश कळला, थोडाफार. ती कोणती भाषा बोलायची ते डीएनएत लिहिलेलं नसतं. तो प्रश्न परत भाषाशास्त्राच्या टेबलावर येतो, आणि तिथे अडचण अशी की सिंधू मुद्रांवरची चिन्हं अजून कोणालाही सर्वांना पटेल अशी वाचता आलेली नाहीत.